आधी विचारायचे की नंतर? लंडनच्या अंडरक्रॉफ्टचे प्रकरण

लंडन आयकडून थेम्स नदीच्या दक्षिण काठाने टेट मॉडर्नच्या दिशेने चालू लागले की हंगरफोर्ड पूल आणि रॉयल फेस्टिव्हल हॉल मागे पडतो आणि वॉटर्लू पुलाच्या थोडे अलीकडे, एका राखाडी काँक्रीटच्या इमारतीच्या पोटातून चाकांचा खडखडाट ऐकू येतो. क्वीन एलिझाबेथ हॉल या संगीतगृहाच्या खालचा हा मोकळा, तीन बाजूंनी झाकलेला आणि नदीकडे उघडा असलेला भाग ‘अंडरक्रॉफ्ट’ म्हणून ओळखला जातो. वर छत्रीसारखे रुंद होत गेलेले जाडजूड खांब, खाली फरसबंदी, मागच्या बाजूला काँक्रीटच्या उतरणी, मधूनच काही पायऱ्या, आणि हात पोहोचेल तिथपर्यंत रंगवलेल्या भिंती. युरोपच्या सहलीवर गेलेली मराठी मंडळीही इथे कठड्याला टेकून क्षणभर थांबतात, स्केटबोर्डवरून उडी घेणाऱ्या पोरांचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. ही जागा २०१३ साली दुकानांसाठी देण्याचे जवळजवळ ठरले होते आणि ती वाचवण्यासाठी तरुणांना दीड वर्ष लढावे लागले, याची कल्पना त्यांतील फारच थोड्यांना असते.

तरुणांच्या सहभागातून सार्वजनिक जागा घडवण्याविषयी आपल्याकडे अलीकडे बरेच बोलले जाते. बैठका होतात, चिठ्ठ्या चिकटवलेले तक्ते होतात आणि अहवालात ‘युवकांशी चर्चा करण्यात आली’ असे एक वाक्य येते. ते वाक्य केव्हा खरे असते आणि केव्हा पोकळ, हे तपासण्यासाठी अंडरक्रॉफ्टइतके उपयोगी प्रकरण मला दुसरे माहीत नाही, कारण इथे त्याच संस्थेने, त्याच तरुणांशी, त्याच जागेवरून दोनदा संवाद केला. पहिल्यांदा तो साफ फसला, दुसऱ्यांदा तो फळाला आला.

न योजलेली जागा

१९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने हा काठ सांस्कृतिक कामासाठी विकसित होऊ लागला. रॉयल फेस्टिव्हल हॉल त्याच वर्षी उभा राहिला. क्वीन एलिझाबेथ हॉल १९६७ मध्ये आणि शेजारचे हेवर्ड कलादालन १९६८ मध्ये खुले झाले. या दोन्ही इमारती लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुरचनाकारांच्या चमूने आखल्या. प्रेक्षागृहे वर उचलायची आणि खालची जमीन पादचाऱ्यांना मोकळी ठेवायची, असा त्या काळच्या विचाराशी सुसंगत आराखडा त्यांनी केला. खालच्या भागाला ठरावीक काम असे काहीच नेमून दिलेले नव्हते. उतरणी होत्या, पण त्या कशासाठी आहेत हे कोठेही लिहिलेले नव्हते.

त्याचे उत्तर चाकांनी दिले. सुरुवातीच्या स्केटबोर्डांची चाके लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची असत. रस्त्यावरचा हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला तरी फळी जागच्या जागी थांबे आणि वरचा मुलगा पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पॉलियुरेथेनची चाके आली. ही चाके जमिनीला धरून राहत, खडे पोटात घेत आणि उतारावर घसरत नसत. कॅलिफोर्नियातील मुले रिकाम्या जलतरण तलावांच्या वक्र भिंतींवर चढू लागली. लंडनमध्ये असे तलाव कुठले? तिथल्या मुलांना १९७३ च्या सुमारास या संगीतगृहाखालच्या उतरणी सापडल्या. डोक्यावर छत असल्याने लंडनच्या पावसाचाही प्रश्न नव्हता. तेव्हापासून स्केटबोर्डवाले, पुढे बीएमएक्स सायकलवाले आणि भिंती रंगवणारे असे सगळे तिथे जमत राहिले. पन्नाशीतला कारागीर आणि अकरा वर्षांचे पोर एकाच पायरीवरून उडी मारण्याचा प्रयत्न करत आहेत, हे दृश्य तिथे आजही नवलाचे नाही.

जागेची गुणवत्ता कशात आहे, हे बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. ज्या कडेवर फळीचा लोखंडी आस घासत न्यायचा, ती कड हजारो वेळा घासून आणि मेण लावून गुळगुळीत झालेली असते. खांबामुळे वळण अचूक ठिकाणी घ्यावे लागते. फरशीच्या सांध्यांचा आवाज ऐकून वेग कळतो. मुद्दाम बांधलेल्या स्केट पार्कात प्रत्येक वळण खेळासाठीच आखलेले असते, तर इथे शहराने दुसऱ्याच हेतूने बांधलेल्या वस्तूतून आपला खेळ शोधून काढावा लागतो. खेळणाऱ्यांच्या लेखी हा फरक मूलभूत आहे. गावातल्या विहिरीत पोहणाऱ्याला तरण तलावाचा पास देऊ केला तर तो जसा पाहील, तसेच काहीसे हे आहे.

तात्पुरता पत्रा आणि १२ कोटींचा आराखडा

साउथबँक सेंटर ही संस्था या साऱ्या इमारतींचा कारभार पाहते. २००४-०५ च्या सुमारास तिने अंडरक्रॉफ्टचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आडोसा उभारून बंद केला. यात लहान उतरणींचा तो भागही गेला, जिथे नवशिकी मुले पहिल्यांदा फळीवर उभी राहायला शिकत. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे सांगण्यात आले होते. तात्पुरत्या पत्र्यांचे आयुष्य किती असते, हे पुण्या-मुंबईच्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्च २०१३ मध्ये संस्थेने ‘फेस्टिव्हल विंग’ हा सुमारे १२ कोटी पौंडांचा आराखडा जाहीर केला. जुन्या इमारतींच्या माथ्यावर काचेचे नवे दालन, वॉटर्लू पुलाला समांतर एक लांबलचक इमारत, मुलांच्या आणि तरुणांच्या कलाशिक्षणासाठी जास्तीची जागा, असे त्यात बरेच काही होते. खर्चाचा काही भाग व्यापारी भाड्यातून उभा करायचा होता आणि नदीकाठच्या सर्वांत मोक्याच्या जागी, म्हणजे अंडरक्रॉफ्टमध्ये, दुकाने आणि उपाहारगृहे येणार होती. स्केटबोर्डवाल्यांना १२० मीटर अंतरावर, हंगरफोर्ड पुलाखाली, नवी जागा बांधून मिळणार होती.

इथे साउथबँक सेंटरला खलनायक ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. सरकारी अनुदान आटत असताना जुन्या इमारती दुरुस्त करायच्या, तिकिटे परवडणारी ठेवायची आणि मुलांसाठी कार्यक्रम वाढवायचे, अशा तिहेरी पेचात ती संस्था होती. स्केटबोर्डवाल्यांना हाकलून द्यायचे असते तर तिने नव्या जागेची तरतूदच केली नसती. उलट तिने ती बरीच निगुतीने केली. स्केटबोर्डिंग आणि शहर यांच्या नात्यावर अनेक वर्षे अभ्यास केलेले लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील वास्तुरचनेचे प्राध्यापक इयन बॉर्डन यांना तिने सल्लागार म्हणून घेतले, तीन वास्तुरचना संस्थांकडून प्राथमिक आराखडे करवून घेतले आणि खेळणाऱ्यांनी त्यावर मते द्यावीत असे आवाहन केले. कागदावर पाहिले तर सहभागाच्या सगळ्या पायऱ्या पाळल्या गेल्या होत्या.

तरीही अंडरक्रॉफ्टमधल्या बहुसंख्य तरुणांनी त्या प्रक्रियेत भाग घ्यायलाच नकार दिला. नवी जागा कशी असावी, हे त्यांना विचारले जात होते. जुनी सोडायची का, हे कोणी विचारलेच नव्हते. सोयरीक पक्की करून, तिथीसुद्धा काढून झाल्यावर मुलीला शालूचा रंग विचारावा आणि तिची पसंती घेतली म्हणून समाधान मानावे, तशातली ही गत होती. मुलांनी आराखड्यांवर एक जरी सूचना दिली असती तरी ती स्थलांतराला दिलेली संमती म्हणून नोंदली गेली असती, हे त्यांच्यातल्या जाणत्यांनी ओळखले. आराखड्यातल्या उतारांचे कोन बरोबर होते की चूक, यावर त्यांनी मग फारसा वेळ घालवलाच नाही.

टेबल आणि हरकती

‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही मोहीम २०१३ च्या वसंतात सुरू झाली. तिचे मुख्य साधन म्हणजे एक साधे टेबल. अंडरक्रॉफ्टच्या तोंडाशी, पर्यटक जिथे थबकतात नेमके तिथेच, ते रोज मांडले जाई आणि पाळीपाळीने कोणी ना कोणी तरुण त्यामागे बसे. मोहिमेने संकेतस्थळ, चित्रफिती आणि समाजमाध्यमे यांचाही चांगला वापर केला, पण माझ्या मते यशाचे मोठे श्रेय त्या टेबलाला आहे. आजवर पोलिसांनी हटकावे, सुरक्षारक्षकांनी पिटाळावे आणि वाटसरूंनी अंग चोरून जावे, अशी सवय असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना दिवसातून शंभर वेळा अनोळखी माणसाला आपले म्हणणे दोन मिनिटांत पटवून द्यावे लागले. पुढे नियोजन अधिकारी आणि पत्रकार यांच्यासमोर तीच मुले बोलली, ती या तालमीच्या जोरावर. मोहिमेला पाठिंबा देणाऱ्यांची नोंदणी दीड लाखाच्या वर गेली.

केवळ सह्यांवर मात्र ते थांबले नाहीत, आणि इथे या प्रकरणाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग येतो. पाठिंब्याची सही आणि नियोजन प्रस्तावावरची रीतसर हरकत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. सह्यांचे गठ्ठे प्राधिकरण बाजूला ठेवू शकते. हरकत मात्र नोंदवून घ्यावी लागते आणि तिचा विचार करावा लागतो. आपल्याकडेही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. मुंबईच्या २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर इतक्या हरकती आल्या, की राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने दुरुस्त करायला लावावा लागला. लंडनच्या मुलांनी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाकडून लँबेथ कौन्सिलच्या, म्हणजे त्या भागाच्या स्थानिक पालिकेच्या, नावे स्वतंत्र हरकत लिहून घेतली. २७,२८६ हरकती दाखल झाल्या. एकाच नियोजन प्रस्तावावर इतक्या हरकती येण्याचा हा ब्रिटनमधला उच्चांक मानला जातो.

कायद्याचीही दोन दारे त्यांनी ठोठावली. २०११ च्या लोकलिझम अधिनियमानुसार एखादी जागा ‘समाजमूल्याची मालमत्ता’ म्हणून यादीत घालता येते. लँबेथ कौन्सिलने मे २०१३ मध्ये अंडरक्रॉफ्टला ती मान्यता दिली. दुसरे दार अधिक गमतीचे होते. इंग्लंडमध्ये गावकऱ्यांनी एखाद्या जमिनीवर सलग वीस वर्षे खेळ आणि करमणूक केली असेल, तर तिची ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत गावकीच्या मोकळ्या पटांगणासारखी, नोंद करता येते आणि मग तिच्यावर बांधकाम होऊ शकत नाही. अट अशी, की ती वापरणूक बळजोरीने नसावी, चोरून नसावी आणि परवानगी घेऊनही नसावी. काँक्रीटच्या छताखालच्या, गवताचे पातेही नसलेल्या जागेला हिरवळीचा दर्जा मागणे वरकरणी हास्यास्पद वाटते. पण चाळीस वर्षे कोणी रीतसर परवानगी दिली नाही, ही जी आजवर या मुलांची कमजोर बाजू होती, तीच या अर्जात त्यांचे बळ ठरत होती. वकिलाचे डोके कसे चालते, याचा हा सुंदर नमुना आहे.

विरोध फक्त मुलांचाच होता असे नाही. शेजारच्या नॅशनल थिएटरचे तेव्हाचे संचालक निकोलस हायटनर यांनीही आराखड्यावर हरकत घेतली. नवी लांब इमारत त्यांच्या नाट्यगृहाला झाकून टाकेल, हा त्यांचा मुद्दा होता आणि स्केटबोर्डिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. आराखडा अडचणीत आला तो केवळ तरुणांच्या जोरावर, असे सांगणे म्हणूनच अपुरे ठरेल. मात्र जानेवारी २०१४ मध्ये लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी स्केटबोर्डिंग आहे त्याच जागी राहिले पाहिजे अशी भूमिका घेतली आणि पारडे फिरले. दुकानांचे उत्पन्न नसेल तर आर्थिक गणित जुळत नाही, हे मान्य करून साउथबँक सेंटरने आराखडा थांबवला. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी तह केला. नियोजन कायद्याच्या कलम १०६ खालच्या करारानुसार अंडरक्रॉफ्ट स्केटबोर्डिंग, बीएमएक्स, भित्तिचित्रे आणि तत्सम गोष्टींसाठी विनामूल्य खुले राहील असे बंधन संस्थेने स्वीकारले आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांविरुद्धच्या कायदेशीर कारवाया मागे घेतल्या.

दुसरी फेरी

बहुतेक वृत्तांत इथेच संपतात, कारण लढाई जिंकली गेली. मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. जागा वाचली, पण ती मूळ जागेच्या एक-तृतीयांशच होती. उरलेला भाग अजून आडोशामागेच होता. आता मोहिमेतल्या मुलांनी, तोपर्यंत ती मुले राहिली नव्हती, बंद पडलेला भाग पूर्ववत करण्याचा प्रस्ताव मांडला आणि कालपर्यंत ज्या संस्थेशी ती भांडत होती तिच्याच बरोबरीने ते काम हाती घेतले. आराखडा करण्यासाठी निवडली गेली तीही फील्डन क्लेग ब्रॅडली स्टुडिओज ही संस्था, म्हणजे ज्यांनी ‘फेस्टिव्हल विंग’ आखले होते तेच वास्तुरचनाकार. मराठीत ज्याला ‘पाण्यात राहून माशाशी वैर नको’ म्हणतात त्या धोरणीपणापेक्षा हे काहीतरी वेगळे होते. जागा हलणार नाही हे कराराने पक्के झाल्यामुळे आता उताराचा कोन, फरशीचा पोत, प्रकाश आणि कठड्याची उंची यांवर मनमोकळेपणाने बोलता येत होते. २०१३ मध्ये जे तपशील विचारले गेले तेव्हा कोणी तोंड उघडले नाही, त्याच जातीच्या तपशिलांवर आता खेळणारे आणि वास्तुरचनाकार एकाच कागदावर काम करत होते.

काय बांधायचे यापेक्षा काय बांधायचे नाही, यावर इथे अधिक भर होता. नवी आकर्षक वळणे, रंगीत रॅम्प किंवा जगातल्या इतर पार्कांसारखे खोलगट वाडगे आणायचे नाहीत, तर १९६० च्या दशकातल्या लहान उतरणी आणि फरसबंदी जशी होती तशी परत आणायची, हे तत्त्व ठरले. शेजारच्या भागात मुलांच्या आणि तरुणांच्या सर्जनशील शिक्षणासाठी खोल्याही आखल्या गेल्या. म्हणजे संस्थेचा २०१३ चा एक मूळ हेतू या वाटेने थोडाफार साध्य होत होता. जून २०१७ मध्ये ७,९०,००० पौंड उभे करण्याची संयुक्त मोहीम जाहीर झाली. लोकांच्या देणग्यांना लंडनच्या महापौरांच्या विकासनिधीचीही जोड मिळाली आणि जुलै २०१९ मध्ये सुमारे ४०० चौरस मीटरचा तो भाग खुला झाला.

या प्रकरणातून सहभागाचा एकच एक नमुना काढता येईल असे मला वाटत नाही, आणि त्यासाठी आपल्या जवळचे एक उदाहरण पुरे आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये स्केट पार्क उभारला. गावातल्या कोणा मुलाने तो मागितला नव्हता, आणि मागणार तरी कसा, स्केटबोर्ड म्हणजे काय हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हते. अंडरक्रॉफ्टच्या कसोटीवर घासले तर हा प्रकल्प पहिल्याच पायरीवर नापास व्हावा. पण तिथे बांधकाम झाल्यावर खेळाचा कारभार मुलांच्या हाती सोडला गेला आणि मोजके नियम ठेवले गेले: शाळा बुडवली तर स्केटिंग नाही, आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा. आदिवासी आणि यादव घरांतली मुले एकाच काँक्रीटवर उतरली, आणि याच गावची आशा गोंड पुढे २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. जिथे जागा नव्हतीच तिथे सहभाग बांधकामानंतर सुरू होऊ शकतो. जिथे लोकांनी जागा आधीच आपली केलेली आहे, तिथे मात्र तो तिच्या अस्तित्वाच्या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो. लंडनच्या नियोजनकर्त्यांनी दुसऱ्या प्रकारची जागा पहिल्या प्रकारची समजून हाताळली, हे त्यांच्या चुकीचे मूळ आहे.

मोहिमेच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अंडरक्रॉफ्ट लंडनच्या मध्यभागी, पर्यटकांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून त्या टेबलाला दीड लाख माणसे मिळाली. एखाद्या उपनगरातल्या वाहनतळाच्या कोपऱ्यात खेळणाऱ्या दहा मुलांना तेवढे वाटसरू मिळत नाहीत. त्यांची जागा गेली तर हरकतींचा आकडा दोन अंकी तरी होईल की नाही, याची शंका आहे. केवळ संख्येवर निर्णय व्हायचा असेल, तर अशा जागांना या विजयाचा काहीच उपयोग नाही.

जाता जाता एक हिशेब. आडोसा उभा राहिला तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता आणि लहान उतरणीवर तोल सांभाळायला शिकत होता, तो ती उतरणी पुन्हा खुली झाली त्या दिवशी चोवीस वर्षांचा होता. नियोजनाच्या दप्तरात चौदा वर्षे हा फार मोठा काळ नव्हे. जुलै २०१९ मध्ये ज्या उतरणीसाठी इतक्या जणांनी हरकती लिहिल्या होत्या तिच्यावरून खाली येणाऱ्या नवशिक्या पोरांनी ती त्याआधी कधी पाहिलेलीच नव्हती, आणि ज्यांनी पाहिली होती ते कडेला उभे राहून, फळी काखेत धरून, त्यांच्या पडण्याकडे बघत होते.